डॉ. ना. भा. खरे : नागपूरच्या गादीवरचे एक वर्ष

आपल्या तिगाव, पांढुर्णा, सौसर भागाची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर होती. त्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचे पहिले काँग्रेसी मुख्यमंत्री (तेव्हा त्यांना पंतप्रधानच म्हणत) डॉ. नारायण भास्कर खरे. नव्या पिढीला हे नाव फारसे ठाऊक नाही, म्हणून हा प्रपंच.

१८८४ साली पनवेलला जन्मलेले खरे लाहोरहून डॉक्टरकीची एम.डी. घेऊन नागपुरात आले आणि नागपूरकरच झाले. कायदे कौन्सिल, मग दिल्लीची मध्यवर्ती असेंब्ली अशी त्यांची चढती कमान होती. जुलै १९३७ मध्ये ते प्रांताचे प्रमुख झाले.

पण मंत्रिमंडळ पहिल्यापासून दुभंगलेले. एका बाजूला नागपूर-वऱ्हाडचे मराठी मंत्री, दुसरीकडे महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता. मे १९३८ मध्ये पचमढीला वल्लभभाई पटेलांसमोर समेट झाला, तो दोन महिनेही टिकला नाही. २० जुलैला खरे, गोळे आणि देशमुख यांनी राजीनामे दिले. महाकोशलचे तिघे देईनात. गव्हर्नर वायली यांनी रातोरात त्यांना बडतर्फ केले आणि २१ तारखेला खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ उभे केले. आम्हा सरकारी नोकरांना साधा चार्ज द्यायला-घ्यायला आठवडा लागतो; इथे सरकार एका रात्रीत बदलले!

श्रेष्ठींना न विचारता इंग्रज गव्हर्नरचा आधार घेतला, हा ठपका आला. २३ जुलैला त्यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला. सेवाग्रामला गांधीजींनी दुरुस्त केलेल्या निवेदनावर सही करायला त्यांनी नकार दिला. वर्ध्याच्या बैठकीत कार्यकारिणीने त्यांना दोषी ठरवले आणि शुक्ल मुख्यमंत्री झाले.

आमच्या मते खऱ्यांची घाई चुकलीच. पण मराठी-हिंदी ओढाताणीचा सगळा दोष एकट्याच्या माथी मारला गेला, हेही तितकेच खरे. त्या वाटणीत आपला तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा महाकोशलकडे आणि आपली बोली नागपूरकडे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पुढे ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले, १९४७ मध्ये अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले, हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले, ग्वाल्हेरहून लोकसभेवरही निवडून आले. १९७० साली ते वारले. नागपूरची ती खुर्ची मात्र त्यांना पुन्हा मिळाली नाही.