डॉ. कमल रणदिवे : कर्करोगावर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञ (निबंध व माहिती)



८ नोव्हेंबर हा डॉ. कमल रणदिवे यांचा जन्मदिवस. त्या सुमारास शाळेत आपण मुलांकडून त्यांच्यावर दहा ओळी बोलून घेतो. गेल्या वर्षी भाषण झाल्यावर सातवीतल्या एका मुलीने हळूच येऊन विचारलं, की आईला झालाय म्हणजे मलाही होणारच का? भाषणात ओळ होती, स्तनाचा कर्करोग आनुवंशिक असतो हे कमलताईंनी शोधून काढलं. ती ओळ मीच लिहून दिली होती. म्हणून या वेळी नीट लिहितेय.

कमल समर्थ यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा, मग फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं असं वडिलांना वाटायचं. तिने दोन्ही केलं नाही! १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न झालं. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. झाल्या, आणि विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी. आपल्या परभणीच्या मुलांना सीताफळ आणि कृषी विद्यापीठ दोन्ही माहीत आहेत, तेव्हा गोष्ट इथूनच सुरू करा. मुलं लगेच कान टवकारतात.

पुढे मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळाली. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊती संवर्धन शिकल्या. ऊती संवर्धन म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढवायच्या. परत येऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात भारतातली पहिली ऊती संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालकही होत्या.

आता मुख्य काम. काही जातींच्या उंदरांत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिल्लांत जातो, हे अमेरिकेतल्या जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवलं होतं. तो विषाणू निघाला. कमलताईंनी उंदरांवर आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू या तिन्हींचा एकत्र अभ्यास केला. ज्यांना असा कर्करोग आपोआप होतो अशा उंदरांचा एक वंशही त्यांच्या केंद्रात तयार झाला, त्याला केंद्राचंच नाव मिळालं.

हे वर्गात सांगताना जपून सांगा. उंदराची गोष्ट उंदराची! माणसात आईच्या दुधाने बाळाला कर्करोग होत नाही, उलट दूध पाजल्याने आईचाच धोका कमी होतो. आणि घराण्यात हा आजार दिसतो हे फ्रान्सच्या पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्येच नोंदवलं होतं, त्यामुळे कमलताईंनीच पहिल्यांदा शोधलं असं म्हणणं बरोबर नाही. त्या भारतात या दिशेने काम करणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी होत्या. शंभरातल्या साधारण ५ ते १० जणींनाच हा कर्करोग थेट वारशाने आलेल्या जनुकामुळे होतो. त्या मुलीला मी हेच सांगितलं, की होणारच असं मुळीच नाही, पण मोठी झाल्यावर आईच्या आजाराचं डॉक्टरांना नक्की सांग.

त्यांचे दोनशेहून जास्त शोधनिबंध आहेत. शास्त्रज्ञाचं काम मोजताना, इतरांनी त्याच्या निबंधांचा किती वेळा संदर्भ दिला ते मोजतात. पण मला वाटतं, उंदरांचा वंश, प्रयोगशाळा, तिथे शिकून गेलेली माणसं हे त्या आकड्यात पूर्ण धरलं जात नाही. कुष्ठरोगाच्या जिवाणूवरही त्यांनी काम केलं. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. हा भाग भाषणात सहसा राहूनच जातो. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचं निधन झालं.

भाषणातली ती ओळ मी आता बदलली आहे. स्तनाचा कर्करोग कशामुळे होतो, त्यात वारशाचा वाटा किती, हे कमलताईंनी उंदरांवर प्रयोग करून तपासलं. तुमच्या वहीत जुनी ओळ असेल तर तीही बदलून घ्या.