एच. जी. वेल्स : खेळातले मरण

लहानपणी हुतुतू खेळताना आपण सगळेच अनेकदा 'मेलो' आहोत. समोरच्या बाजूचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी पुन्हा मैदानात येतो, त्या प्रकाराला 'संजीवनी' असे मोठे अर्थपूर्ण नाव आहे. खेळात मरण केव्हा यावे आणि मेलेल्याचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. परंतु एका थोर इंग्रज लेखकाने त्यावर मनापासून विचार केला आणि त्याच्या नियमांचे पुस्तकही लिहिले. तो लेखक म्हणजे 'टाइम मशीन'चा कर्ता हर्बर्ट जॉर्ज वेल्स. ज्याच्या आयुष्याला वळणे लागली ती दुखापतींनी, त्याच्या खेळात मात्र जखमेला जागा नव्हती. हा विरोधाभास समजून घेण्यासारखा आहे.

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी केंट परगण्यातील ब्रॉम्ली येथे झाला. वडील जोसेफ छोटे दुकान चालवीत आणि क्रिकेट खेळून चार पैसे मिळवीत. १८७४ साली छोट्या हर्बर्टचा पाय मोडला. अंथरुणाला खिळलेल्या त्या मुलाच्या हाती पुस्तके आली आणि वाचनाचे वेड लागले ते कायमचेच. १८७७ साली वडिलांच्या मांडीचे हाड मोडले. क्रिकेट संपले आणि मिळकतही आटली. आईला अपपार्क येथील श्रीमंतांच्या वाड्यात नोकरी धरावी लागली आणि हर्बर्ट कापडाच्या दुकानात उमेदवार म्हणून राबू लागला. त्या गुलामीतून तो धडपडत बाहेर पडला आणि १८८४ साली शिष्यवृत्ती मिळवून लंडनला हक्स्ले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकू लागला.

१८८७ साली होल्ट या गावी तो शिक्षक झाला. तेथे फुटबॉल खेळताना त्याच्या मूत्रपिंडाला जबर मार बसला. पाठोपाठ फुप्फुसातून रक्त पडू लागले. तो मेला नाही, पण धड बराही झाला नाही. आईजवळ अपपार्कला त्याने कित्येक महिने विश्रांतीत काढले. १८९३ साली पुन्हा रक्त पडले आणि वर्गात उभे राहून शिकविणे कायमचे सुटले. मग लेखणी हेच पोटाचे साधन झाले. १८९५ साली 'टाइम मशीन' प्रसिद्ध झाले, १८९७ साली 'इन्व्हिजिबल मॅन' आणि १८९८ साली 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'. तो फुटबॉलचा सामना झाला नसता, तर कदाचित हा लेखक आपल्याला लाभला नसता!

पुढे वेल्सला दोन मुलगे झाले. त्यांच्या खेळण्यांनी भरलेल्या खोलीत एकदा एक मित्र जेवायला आला. हा मित्र म्हणजे विनोदी लेखक जेरोम के. जेरोम, असे मानले जाते. त्याने खेळण्यातल्या तोफेतून शिशाच्या शिपायांवर नेम धरला, आणि त्या गमतीतून एक रीतसर खेळ उभा राहिला. त्याचे नियम १९१३ साली 'लिट्ल वॉर्स' या पुस्तकात आले.

मरणाचे नियम त्यात अगदी सरळ आहेत. स्प्रिंगच्या तोफेतून इंचभर लाकडी दांडुका सुटतो आणि त्याच्या धक्क्याने जो शिपाई आडवा होतो तो मेला. हातघाईच्या लढाईत माणसास माणूस या हिशेबाने दोन्हीकडचे मरतात आणि एकट्या पडलेल्या तुकडीतले काही कैद होतात. प्रशियाच्या लष्करी खेळात १८२४ पासून फासे टाकून हानी मोजीत असत. वेल्सने कोण मरणार हे फाशांवर सोडले नाही. त्याचा शिपाई एकतर उभा असतो किंवा मेलेला असतो. विव्हळणारा जखमी कोठेच नाही.

असे का? आपली खेळण्यातली लढाई खऱ्या युद्धाहून किती निरुपद्रवी आहे, हेच वेल्सला दाखवायचे होते. पुस्तकाच्या शेवटी त्याने खऱ्या युद्धाचा मूर्खपणा स्पष्ट मांडला आहे. हा खेळ तीन-चार वेळा खेळणाऱ्याला तो आपोआप कळेल, अशी त्याची श्रद्धा होती. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, १९१४ साली, महायुद्ध पेटले आणि लाखो जखमी माणसे घरी परतली. शिपायांना डबीत भरून ठेवण्याची सोय तेथे नव्हती. त्याच वर्षीच्या एका कादंबरीत वेल्सने अणुबाँबची कल्पना केली होती. हिरोशिमाचा संहारही त्याला पाहावा लागला. मधुमेह जडल्यावर १९३४ साली मधुमेही रुग्णांची संघटना स्थापन करण्यात त्याने पुढाकार घेतला होता. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडन येथे त्याचे निधन झाले.

'लिट्ल वॉर्स'ची परंपरा पुढे अमेरिकेत वाढली. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा अद्भुतरम्य खेळ काढला. २००४ सालच्या 'लिट्ल वॉर्स'च्या आवृत्तीला गायगॅक्सने प्रस्तावना लिहून हे ऋण मान्य केले. या खेळात प्रत्येक खेळाडूचे एकच पात्र असते आणि त्याला जिवाचे काही गुण असतात. घाव बसला की गुण कमी होतात. प्रारंभी गुण संपले की मृत्यू, असा नियम होता. १९७९ सालच्या नियमांत शून्यावर आलेला वीर बेशुद्ध पडतो आणि रक्त वाहून हळूहळू मरणाकडे सरकतो. सोबत्याने वेळीच उपचार केले तर तो वाचतो, पण पुढे किमान आठवडाभर विश्रांती अटळ! २०१४ सालच्या नियमांत मरणोन्मुख वीर वीस बाजूंचा फासा टाकतो. दहा किंवा अधिक पडले तर यश. तीन यशे आली तर प्राण टिकतो, तीन अपयशे आली तर जातो.

मित्रहो, जगणे आणि मरणे यांच्यामधली ही जागा वेल्सने स्वतःच्या देहावर अनुभवली होती, पण ती त्याच्या खेळात आली नाही. ती भरून काढली पुढच्या पिढीने. शंभर शिपाई असले की एकाच्या मरणाचे काही वाटत नाही, पण पात्र एकच आणि आपले स्वतःचे असले की त्याची जखमही मोजावीशी वाटते. सेनापतीच्या नजरेतून माणूस नुसता आकडा असतो. त्याच्या शेजारी बसणाऱ्याला मात्र तो सोबती वाटतो आणि त्याचे रक्त थांबवावेसे वाटते. वेल्सला युद्धाबद्दल जे सांगायचे होते, ते याहून फारसे वेगळे नव्हते.