काळोखातल्या माशांचा डॉक्टर

उत्तनच्या किनाऱ्यावर वलांड्यांवर वाळणारे बोंबील पाहत मी लहानाची मोठी झाले. या रोजच्या बोंबलाचे दूरचे भाऊबंद सूर्यकिरण पोचत नाही अशा खोल समुद्रात राहतात, हे मला कळले ते आल्फ्रेड अल्कॉक यांच्यामुळे.

अल्कॉक यांचा जन्म २३ जून १८५९ रोजी आपल्या मुंबईतच झाला. वडील जहाजाचे कप्तान. १८७६ मध्ये वडिलांना मोठी खोट आली आणि सतरा वर्षांच्या मुलाची शाळा सुटली. वायनाडचे कॉफीचे मळे, कलकत्त्याची कचेरी, आसामच्या चहामळ्यांसाठी मजूरभरती, दार्जिलिंगला मास्तरकी अशी नाना कामे करून त्यांनी दिवस काढले. १८८१ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ते अ‍ॅबरडीनला वैद्यकी शिकायला गेले व १८८५ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले.

१८८८ साली त्यांची नेमणूक ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावर झाली. ही चाकांची लाकडी आगबोट मुंबईच्याच गोदीत बांधलेली. आजाऱ्यांना औषध द्यायचे आणि जाळ्यात येईल त्या जीवाचा अभ्यास करायचा, हे त्यांचे काम. जाळे हजार वावांहूनही खोल जाई. ते वर ओढायला तासन्‌तास लागत. वर येई ती न्यारीच दुनिया! काळेकुट्ट मासे, अंगावर उजेडाचे ठिपके असलेले मासे, पंखांच्या लांब दोऱ्यांनी काळोखात चाचपडणारे मासे. खोल पाण्यातल्या बोंबलाच्या एका जातीला १८९१ मध्ये त्यांनीच नाव दिले.

१८९३ मध्ये ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख झाले. १८९९ मध्ये त्यांची हिंदी खोलसागरी माशांची सूची निघाली. १९०१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९३३ साली ते वारले. पुढे २०२२ मध्ये जपानजवळ ८,३३६ मीटर खोलीवर पोहणाऱ्या माशाचे चित्रण झाले. त्या खोलीचा ठाव घेण्याची सुरुवात करणाऱ्यांत आपल्या समुद्रावरचा हा डॉक्टरही होता.

मित्रहो, घरची होडी विकावी लागली तेव्हा माझीही दोन वर्षे बुडाली. पुन्हा वर्गात बसताना वयाची लाज वाटे. बाविसाव्या वर्षी नव्याने पाटी घेणारा अल्कॉक भेटला आणि ती लाज गेली. आता आईबरोबर वलांडीवर बोंबील घालताना मी तिला त्याच्या त्या खोलातल्या भाऊबंदांच्या गोष्टी सांगते.