वाऱ्याची नाडी ओळखणाऱ्या अ‍ॅना मणी

गेवराईहून निघून बीड ओलांडले आणि मांजरसुंब्याचा घाट चढू लागलो की बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या दिसू लागतात. एसटीच्या खिडकीतून लहान मुले त्या मोजत बसतात. एवढे मोठे यंत्र नेमके त्याच माथ्यावर का उभे केले, शेजारच्या टेकडीवर का नाही, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. पवनचक्की उभी करण्याआधी तिथला वारा महिनोन् महिने मोजावा लागतो. आपल्या देशात या मोजणीचा पाया ज्यांनी घातला, त्या अ‍ॅना मणी यांची उमेदीची वर्षे पुण्यात गेली. तरीही आपल्याकडे त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

अ‍ॅना मणी यांचा जन्म 23 ऑगस्ट 1918 रोजी केरळातील पीरमेड येथे झाला. वडील स्थापत्य अभियंता, घरी वेलदोड्याचे मळे. घर खाऊनपिऊन सुखी, पण मुलांनी शिकावे आणि मुलींची लग्ने लावून द्यावीत अशा वळणाचे. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या. या मुलीने त्या नाकारल्या आणि त्याऐवजी ज्ञानकोशाचे खंड मागून घेतले. वायकोम सत्याग्रहाच्या दिवसांत गांधीजी त्या भागात आले होते. त्याचा ठसा असा उमटला की पुढे त्यांनी खादी धरली.

त्यांना डॉक्टर व्हायचे होते. ते जमले नाही, म्हणून त्या भौतिकशास्त्राकडे वळल्या. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून 1939 मध्ये पदवी घेतल्यावर त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. काम होते हिरे आणि माणिक यांच्यातून निघणाऱ्या प्रकाशाच्या अभ्यासाचे. एकेक छायाचित्र उमटायला पंधरा-वीस तास लागत, त्यामुळे रात्री प्रयोगशाळेतच जात. 1942 ते 1945 या काळात त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि पीएच.डी.चा प्रबंधही सादर केला. मद्रास विद्यापीठाने पदवी दिली नाही. कारण एवढेच की त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. त्या काळात प्रयोगशाळेत बाईच्या हातून यंत्राची बारीकशी चूक झाली तरी बायकांना हे जमत नाही, असा अर्थ काढला जाई. मणी यांनी यावर कधी गळा काढला नाही. पुढचे काम हाती घेतले.

1945 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेल्या. तिथे हवामानाच्या उपकरणांचे प्रशिक्षण मिळत होते, तेच त्यांनी घेतले. 1948 मध्ये परतल्यावर त्या पुण्याच्या वेधशाळेत, म्हणजे पुणेकर ज्याला सिमला ऑफिस म्हणतात तिथे, उपकरण विभागात रुजू झाल्या. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. साधे पर्जन्यमापक आणि तापमापकसुद्धा परदेशातून येत. ही उपकरणे इथेच बनवायची, असे विभागाने ठरवले. 1953 मध्ये मणी विभागप्रमुख झाल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली 121 पुरुष होते. सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांनी तयार करून घेतले. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे प्रत्येक उपकरण प्रमाण उपकरणाशी ताडून पाहिल्याशिवाय ते बाहेर जात नसे.

डॉक्टर म्हणून मला त्यांची ही गोष्ट सर्वांत जवळची वाटते. रक्तदाबाचा पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तर आकडा खोटाच वाढलेला दिसतो आणि निरोगी माणसाला गोळी सुरू होऊ शकते. वाऱ्याचे गणित तर याहून कडक आहे. वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट होते. सेकंदाला 5 मीटरऐवजी 6 मीटर वारा असेल, तर ऊर्जा सुमारे 73 टक्क्यांनी जास्त असते. उलट, वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या दहा टक्के जास्त दाखवत असतील, तर ऊर्जेचा अंदाज 33 टक्क्यांनी फुगतो. त्या भरवशावर कोट्यवधी रुपये घालून पवनचक्की उभारली, तर ती वर्षातले बरेच दिवस नुसती उभी राहील.

1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात मणी यांनी देशभर सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रे उभारली. वातावरणातला ओझोन मोजण्याचे उपकरणही त्यांनी तयार केले. विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून 1963 मध्ये थुंबा येथे त्यांनी हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभा केला. पुढे त्यांची दिल्लीला बदली झाली आणि 1976 मध्ये हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून त्या निवृत्त झाल्या.

वाऱ्याचे खरे काम त्यानंतर सुरू झाले. वेधशाळांच्या जुन्या नोंदींवर आधारलेले भारताच्या पवन ऊर्जेच्या आकड्यांचे पुस्तक 1983 मध्ये आले. पण वेधशाळेत वारा मोजतात तो साधारण 10 मीटर उंचीवर, तोही बहुधा गावाजवळ, झाडे आणि इमारतींच्या सान्निध्यात. पवनचक्कीला हवा असतो तो उंचावरचा, मोकळ्या माथ्यावरचा वारा. म्हणून देशात सातशेहून अधिक ठिकाणी वारा मोजण्याची मोहीम निघाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या बंगळूर येथील पथकातर्फे ती चालली आणि मणी तिचा कणा होत्या. वाऱ्याचा वेग मोजणारी उपकरणे बनवणारा छोटा कारखानाही त्यांनी बंगळूरला काढला होता. सत्तरीच्या घरात असताना त्या या नोंदींचे खंड प्रसिद्ध करत होत्या.

महाराष्ट्रात रत्नागिरीला 1986 मध्ये पहिल्या पवनचक्क्या फिरू लागल्या. पुढे साताऱ्याच्या चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर त्यांची रांग लागली, मग त्या आपल्या बालाघाटावर आल्या. आज राज्याची पवन ऊर्जेची क्षमता पाच हजार मेगावॉटच्या पुढे आहे, तर देशाची 50 हजारांच्या. आपल्या जिल्ह्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते. पवनचक्कीला वीज करण्यासाठी ना पाणी लागते ना कोळसा, आणि छातीत जाणारा धूरही ती सोडत नाही. अर्थात वारा वर्षभर सारखा नसतो, पावसाळ्यात तो सर्वाधिक असतो. म्हणूनच तो कधी आणि किती वाहतो, हे आधी माहीत असावे लागते.

1994 मध्ये मणी यांना पक्षाघाताचा झटका आला आणि आयुष्यभर धावपळ करणारे शरीर जागेवर खिळले. 16 ऑगस्ट 2001 रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. ज्या विद्यापीठाने पदवी नाकारली, त्याचा प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत आजही जपून ठेवलेला आहे.

त्यांच्या आयुष्यातून घरी न्यावे असे काही असेल, तर ते मोजण्याचे पथ्य. घरी रक्तदाबाचे यंत्र असेल तर वर्षातून एकदा ते दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून पाहा. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकवा, हात टेबलावर ठेवा, बोलू नका. पट्टा दंडाच्या मापाचा घ्या आणि आकडा तारखेसह वहीत लिहा. एका दिवसाच्या आकड्याने घाबरून गोळी वाढवू नका आणि एका दिवसाच्या आकड्याने निर्धास्त होऊन ती बंदही करू नका. आठवडाभराची वही घेऊन डॉक्टरांकडे या. उपचाराचा निर्णय त्या वहीवरून अधिक नेमका होतो.