मौलवी अब्दुल हक : 'बाबा-ए-उर्दू' आणि त्यांचे आपल्याला माहीत नसलेले लेखन



आज वर्गात गेलात की एक गंमत करून बघा. मुलांना शाळेतल्या रोजच्या वस्तू आणि रोजचे शब्द फळ्यावर लिहायला सांगा. हजेरी, गैरहजर, दप्तर, कागद, शाई, दौत, खुर्ची, परवानगी, रजा, हुशार, शाबास. हे सगळे अरबी-फारसीतून आलेले शब्द आहेत. 'नापास' तर फारच मजेशीर! त्यातला 'ना' फारसी, 'पास' इंग्रजी आणि शब्द मात्र अस्सल मराठी शाळेतला.

या गोष्टीवर 1933 साली एक छोटे पुस्तक निघाले. नाव 'मरहटी ज़बान पर फ़ारसी का असर', म्हणजे मराठी भाषेवरचा फारसीचा प्रभाव. ते छापले औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर). ते उर्दूत आहे आणि लिहिणारे होते मौलवी अब्दुल हक. उर्दूवाले त्यांना 'बाबा-ए-उर्दू' म्हणतात, उर्दूचे पितामह म्हणा हवे तर. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेलेही नसते. ज्यांनी ऐकले आहे त्यांना ते हिंदी-उर्दू वादातले एक कडवे नाव म्हणून माहीत असते. म्हणूनच आज त्यांच्याबद्दल लिहायचे ठरवले.

अब्दुल हक यांचा जन्म 1870 सालचा, उत्तर प्रदेशातल्या हापुडच्या भागातला. शिक्षण अलीगढच्या कॉलेजात झाले. तिथे सर सय्यद अहमद खान यांचा सहवास मिळाला आणि 1894 मध्ये ते बी.ए. झाले. त्या काळी उत्तरेकडच्या शिकलेल्या मुसलमान तरुणांना निजामाच्या हैदराबाद संस्थानात चांगल्या नोकऱ्या मिळत. हेही तिकडेच आले. आधी शाळेत शिकवले, मग शिक्षण खात्यात बढती मिळत गेली आणि शाळा तपासनीस म्हणून औरंगाबादेत नेमणूक झाली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता हे आपल्याला माहीतच आहे. पुढे इथल्याच कॉलेजचे ते प्राचार्यही झाले. म्हणजे हा माणूस मुळात आपल्याच पेशातला.

1912 साली 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. संस्था 1903 ची, पण अगदीच मरगळलेली. त्यांनी तिचे कार्यालय औरंगाबादला आणले आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे उर्दू संशोधनाचे एक मोठे केंद्र दिल्लीत किंवा लखनौत नव्हे, तर आपल्या मराठवाड्यात होते. 1921 पासून 'उर्दू' नावाचे त्रैमासिक इथूनच निघू लागले. नोकरी सांभाळून हे सगळे चालायचे, हे विशेष. आपण साधे शालेय मासिक काढतो तेव्हा किती धावपळ होते ते आठवा!

त्या काळी अशी समजूत होती की उर्दू म्हणजे दिल्ली-लखनौची भाषा आणि तिचे गद्य तर फार उशिराचे. अब्दुल हक दक्षिणेत राहिले म्हणून त्यांच्या लक्षात आले की इथे दोन-तीनशे वर्षांपूर्वीची हस्तलिखिते दर्ग्यांत आणि जुन्या घराण्यांच्या पेट्यांत पडून आहेत. ती दखनीत होती. दखनी म्हणजे दक्षिणेतली जुनी उर्दू, आणि ती मराठीच्या शेजारी वाढलेली. तिच्यात 'नको' आहे. 'हेच', 'तोच' मधला आपला 'च'सुद्धा आहे! उत्तरेकडचे लोक या बोलीला गावंढळ म्हणून हसायचे. अब्दुल हक स्वतः उत्तरेकडचे, तरी हसले नाहीत. जुनी बाडे मिळवायची, एका प्रतीशी दुसरी ताडून पाहायची, अडलेल्या शब्दांचे अर्थ लावायचे आणि प्रस्तावना लिहून छापायचे, असे काम ते वर्षानुवर्षे करत राहिले. गोवळकोंड्याच्या मुल्ला वजहीने 1635 मध्ये लिहिलेले 'सबरस' हे गद्य पुस्तक त्यांनी 1932 साली प्रसिद्ध केले आणि उर्दू गद्याचा इतिहास एकदम मागे सरकला. विजापूरच्या आदिलशाही दरबारातला कवी नुसरती, ज्याला उत्तरेत कुणी विचारत नव्हते, त्याच्यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले.

औरंगाबादचेच एक लेखक लछमी नारायण शफीक यांनी अठराव्या शतकात उर्दू कवींची चरित्रे आणि निवडक कविता यांचा एक ग्रंथ तयार केला होता, 'चमनिस्तान-ए-शुअरा'. तो अब्दुल हक यांनी 1928 मध्ये छापला. त्याच वर्षी थोर कवी मीर तकी मीर यांचे फारसीतले आत्मचरित्र 'ज़िक्र-ए-मीर' हेही त्यांनी औरंगाबादेतूनच बाहेर काढले. आज जगभरचे अभ्यासक ज्या आत्मचरित्राचा आधार घेतात, ते छापील रूपात पहिल्यांदा मराठवाड्यातून वाचकांपुढे आले, हे आपल्या मुलांना सांगायला काय हरकत आहे?

त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले असे मात्र नाही. 'मेराज-उल-आशिकीन' ही पुस्तिका त्यांनी 1924 मध्ये गुलबर्ग्याचे सुफी संत ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांच्या नावाने छापली. पुढच्या संशोधकांनी ती त्यांची नाही, फार नंतरची आहे, असे दाखवले. पण मुळात ती छापली गेली म्हणून तर पुढच्यांना तपासता आली!

आता पुन्हा त्या मराठीवरच्या पुस्तकाकडे येऊ. हा विषय आपल्याकडे नवा नव्हता. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला होता. 1925 मध्ये कवी माधव ज्यूलियन यांचा फारसी-मराठी कोशही आला होता. पण हे सगळे मराठीच्या बाजूने पाहणे झाले. उर्दूतला एवढा मोठा विद्वान मराठीकडे वळून तिच्यावर पुस्तक लिहितो, ही गोष्ट वेगळी. मला यात आवडते ते असे की तो शेजाऱ्याच्या घरात डोकावून बघतो आणि आपल्या घरातली भांडी तिथे कशी रुळली आहेत, त्यांना कशी नवी कल्हई लागली आहे, हे कौतुकाने न्याहाळतो. 'समजदार'मध्ये 'समज' आपली आणि 'दार' फारसी. 'दरवर्षी'मध्ये 'दर' फारसी आणि 'वर्ष' संस्कृत. ही दोन उदाहरणे माझी. पण असे शब्द मुलांना शोधायला सांगितले तर अख्खा तास कसा निघून जातो ते कळतही नाही.

त्यांच्या संशोधनापेक्षाही मला जवळचे वाटते ते त्यांचे व्यक्तिचित्रांचे पुस्तक 'चंद हमअसर', म्हणजे काही समकालीन माणसे. त्यात कवी हाली आहेत, मोहसिन-उल-मुल्क आहेत, अशी मोठमोठी नावे. आणि त्यांच्याच पंगतीला बसलेला आहे नामदेव माळी!

हा नामदेव औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या बागेत कामाला होता. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेला. ती बाग अब्दुल हक यांच्या देखरेखीखाली होती आणि त्यांचे राहण्याचे घरही त्याच आवारात होते. लिहिता लिहिता खिडकीतून त्यांना तो दिसायचा. रोपाच्या आळ्याजवळ बसलेला, माती सारखी करणारा, मग चार पावले मागे सरकून त्या रोपाकडे टक लावून बघणारा आणि स्वतःशीच हसणारा. विद्वानाचे लिहिणे थांबायचे आणि तो माळ्याकडेच बघत बसायचा. एका वर्षी पाऊस पडला नाही, विहिरी आटल्या, सगळीकडच्या बागा करपल्या. नामदेव लांबून गढूळ पाणी डोक्यावरून वाहून आणायचा, रात्रीसुद्धा. त्याची झाडे तेवढी हिरवी राहिली. बक्षीस देऊ केले तर त्याने घेतले नाही. आपली लेकरे वाढवण्याचे कुणी बक्षीस घेते का, असा त्याचा विचार. त्याला स्वतःचे मूल नव्हते. झाडपाल्याची औषधे त्याला ठाऊक होती. गावातल्या आजारी लेकरांना तो ती फुकट द्यायचा. शेवटी एके दिवशी बागेत मधमाश्यांचे मोहोळ उठले. बाकीचे माळी पळून लपले. नामदेव कामात इतका गुंग होता की त्याला पत्ताच लागला नाही, आणि माश्यांच्या दंशांनी तो गेला.

जात माणसाने केलेली आहे आणि चांगुलपणा कुणाच्या वाडवडिलांची मिळकत नाही, हा विचार अब्दुल हक या लेखात मांडतात. तोही भाषणबाजी न करता, माळ्याचे काम दाखवत दाखवत.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, किती उदार माणूस! पण चरित्र एवढे सरळ नाही. एप्रिल 1936 मध्ये नागपूरला भारतीय साहित्य परिषद भरली. अध्यक्ष महात्मा गांधी होते आणि अब्दुल हकही आले होते. परिषदेची भाषा 'हिंदी-हिंदुस्थानी' म्हणावी की नुसती 'हिंदुस्थानी', यावर खटका उडाला. अब्दुल हक यांना उर्दूला बाजूला सारले जात आहे असे वाटले, आणि ते दुखावून परतले ते कायमचेच. काही काळातच त्यांनी अंजुमन दिल्लीला हलवली. संशोधक मागे पडला आणि आंदोलक पुढे आला. औरंगाबादच्या शांत बागेत बसून लिहिणारा माणूस आता गावोगावी सभा घेत फिरू लागला.

1947 च्या दंगलीत दिल्लीतल्या दर्यागंजमधल्या अंजुमनच्या कार्यालयाची लूट झाली. आयुष्यभर एकेक करून जमवलेली पुस्तके आणि हस्तलिखिते डोळ्यांदेखत विस्कटली. वयाच्या जवळपास ऐंशीव्या वर्षी ते कराचीला गेले, तिथे 1949 मध्ये उर्दू कॉलेज काढले आणि पुन्हा कामाला लागले.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. पूर्व पाकिस्तानातले बंगाली लोक आपल्या भाषेसाठी झगडत होते, त्यासाठी 1952 मध्ये ढाक्यात तरुणांनी जीव दिले होते. तरी 1954 मध्ये बंगालीला उर्दूच्या बरोबरीचा दर्जा द्यायचे ठरले तेव्हा कराचीत त्याविरुद्ध निघालेल्या मोर्चाच्या पुढे हे वृद्ध गृहस्थ होते. ज्याने दखनीचा उपहास सहन केला नाही, जो मराठीकडे मायेने बघू शकला, त्याला बंगाल्यांचे दुःख कळू नये? नागपूरला जी भीती त्यांना स्वतःला वाटली होती, तीच ढाक्यातल्या मुलांना वाटत होती. मोठ्या वर्गांना हे चरित्र सांगाल तेव्हा हा भाग गाळू नका. मुले इथेच खरे प्रश्न विचारतात.

16 ऑगस्ट 1961 रोजी कराचीत त्यांचे निधन झाले. त्यांनीच काढलेल्या कॉलेजच्या आवारात त्यांची कबर आहे. पाकिस्तानातल्या उर्दू पाठ्यपुस्तकांत त्यांचा 'नामदेव माळी' हा पाठ अनेक वर्षे शिकवला गेला. औरंगाबाद नकाशात कुठे आहे हेही ज्यांना ठाऊक नाही अशा तिकडच्या मुलांना मकबऱ्याच्या बागेतल्या या मराठी माळ्याचे नाव माहीत आहे. आपल्या शाळांच्या सहली दरवर्षी त्याच बागेत जातात. पुढच्या वेळी तुमची सहल गेली, तर ताजमहालाशी तुलना सांगून झाल्यावर मुलांना जरा झाडांच्या सावलीत बसवा आणि नामदेवची गोष्ट सांगा.