एकही टाका न घालता बसवलेलं नाक : कावसजींची गोष्ट



आपल्या वसमत भागात मूल पडलं की आई आधी हळद दाबते. जखम खोल असेल तर मात्र दवाखाना, आणि टाके म्हटले की रडारड! अशा मुलांना कावसजींची गोष्ट जरूर सांगा.

कावसजी हे मराठा शेतकरी. 1792 च्या लढाईत ते इंग्रज फौजेचे बैल हाकत होते. टिपू सुलतानाच्या सैन्याने त्यांना पकडलं, नाक कापलं, एक हातही तोडला. नाक कापलं जाणं म्हणजे अब्रू जाणं. यांचं तर खरोखरच गेलं होतं. वर्षभर ते तसेच राहिले.

मग पुण्याजवळच्या, विटा बनवणाऱ्या समाजातल्या एका वैद्याने त्यांना नवं नाक दिलं. त्याने मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ आखली. तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन डोळ्यांमधली पट्टी मात्र जोडलेलीच ठेवली, म्हणजे रक्त मिळत राहतं. टाका एकही नाही बरं का! ओल्या काताने माखलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवलं. साधारण पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापली.

ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये याच पद्धतीने नाक बसवलं.

काताचं काम आज लेझरने करून पाहतात. बारामतीत जन्मलेल्या कुमार पटेल यांनी 1964 मध्ये शोधलेला कार्बन डायऑक्साइड लेझरही त्यासाठी वापरून पाहिला गेला आहे. नेमकी उष्णता दिली की जखमेच्या कडांमधलं कोलॅजन एकमेकांत मिसळतं. कमी पडली तर कडा धरत नाहीत, जास्त झाली तर कातडी भाजते. म्हणूनच टाके अजून गेलेले नाहीत.

मुलांना एवढं नक्की समजवा : कात, टाका किंवा लेझर फक्त कडा धरून ठेवतात, जखम भरतं ते शरीरच.

आणि एक गोष्ट. कावसजींचं नाव राहिलं, पण त्या वैद्याचं नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही. म्हणून या आठवड्यात मुलांना गावातल्या एका कसबी माणसाकडे पाठवा. त्याचं काम आणि पद्धत वहीत उतरवू द्या. नाव मात्र सगळ्यात आधी लिहायचं!