अबे नोले यांचा फुगलेला पापुद्रा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले साखर कारखाने उसाचा रस आटवतात, मळीपासून अल्कोहोलही काढले जाते. उसात सुमारे ७० टक्के पाणीच असते. आटवताना निघणारे ते पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचे, तर आरओचा पडदा कामी येतो. त्या पडद्याची कहाणी सुरू झाली ती अल्कोहोलच्याच एका बाटलीपासून.

झाँ-आंत्वान नोले १७०० साली फ्रान्समध्ये शेतकरी कुटुंबात जन्मले. शिकले धर्मशास्त्र, रमले प्रयोगांत. १७४६ मध्ये त्यांनी राजासमोर, हात धरून उभ्या केलेल्या १८० शिपायांमधून विजेचा झटका सोडला. सगळे एकदम उडाले. लोक त्यांना ओळखत ते अशा करामतींसाठी.

१७४८ चा प्रयोग त्यामानाने शांत. द्रव का उकळतो याचा शोध घेताना, हवा लागू नये म्हणून त्यांनी अल्कोहोलने भरलेल्या बाटलीच्या तोंडाला जनावराच्या मूत्राशयाचा पापुद्रा बांधला आणि बाटली पाण्यात बुडवून ठेवली. काही तासांनी पापुद्रा तट्ट फुगला होता. टाचणी टोचताच कारंजे उडाले. पाणी आत शिरत होते, अल्कोहोल मात्र तितक्या सहज बाहेर पडत नव्हते. आत पाणी आणि बाहेर अल्कोहोल ठेवले, तर पापुद्रा आत खचला. यालाच आज आपण परासरण म्हणतो. पुढे ते पॅरिसला प्राध्यापक झाले, विजेवरून फ्रँकलिनशी वाद घातला आणि १७७० मध्ये वारले.

दाब देऊन हीच क्रिया उलटी फिरवली की झाले आरओ. त्यासाठीचा कामचलाऊ नव्हे, खरा उपयोगी पडदा १९६० च्या सुमारास अमेरिकेत लोएब आणि भारतीय वंशाचे सौरीराजन यांनी बनवला. तो सेल्युलोज अॅसिटेटचा. आम्ल किंवा अल्कली जास्त झाली की विरायचा. आजचा पॉलिअमाइडचा पडदा ती बरीच सोसतो, पण क्लोरीनपुढे हार खातो. म्हणून जंतू मारायला घातलेले क्लोरीन पडद्याआधीच काढून टाकावे लागते. साचलेला थर घालवायला कॉस्टिक आणि आम्लाने वारंवार केलेली धुलाईही त्याला हळूहळू झिजवते.

फसगत अशी, की झिजलेला पडदा कधी कधी जास्त पाणी देतो. टाकी लवकर भरते, पाहणारा खूश होतो. टीडीएसचा आकडा मात्र चढू लागलेला असतो, आणि तेच पाणी बॉयलरला गेले तर नळ्यांत क्षार साचतो.